खोक्यातली केबल

पंख्याची दोन पाती पुसून झाली होती, तिसरं अजून काळंच होतं, आणि तेवढ्यात लिफ्टकाकांना ती युक्ती सुचली. हात जागच्या जागी थांबला. फडक्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि तिथून खाली, स्टूल धरून उभ्या असलेल्या काकूंच्या भांगात पडलं.

"अहो, पंखा पुसताय की मला आंघोळ घालताय?"

"जुनी डिस्क," काका वरूनच म्हणाले.

"जुनी काय?"

"जुन्या कॉम्प्युटरची डिस्क. माळ्यावर पिशवीत आहे ना. चांगली चालत होती. ती या नव्यात लावतो. ती चालली, की दुकानाने दिलेल्या दोन्ही खराब होत्या हे शाबीत झालं."

"आता कुणापुढे शाबीत करायचंय? सकाळी पत्र देऊन आलात ना?"

"आपल्या मनाची खात्री असावी," म्हणत काका उतरले. फडकं बादलीत पडलं, स्टूल पंख्याखालीच राहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. काकांनी मध्येच सोडलेलं काम आणि मध्येच काढलेलं काम या दोहोंच्या मध्ये उभं राहायची काकूंना सवय होती. त्यांनी बादली उचलून मोरीत नेली.

लिफ्टकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकतीस वर्षं उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा ते चिकटलं. चार वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही. त्यांच्या धंद्यात एक दंडक होता. दुरुस्ती झाली की पहिली फेरी मेकॅनिकने स्वतः मारायची, मगच लोकांना आत घ्यायचं. काकांनी तो एकदाही मोडला नाही. त्यामुळे काका ठीक म्हणाले की ते ठीकच, असं सगळे मानत. निवृत्तीनंतर सगळ्या जिन्यावरच्या बिघडलेल्या वस्तू त्यांच्याकडे येऊ लागल्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मशीनची मोटर, कुणाची इस्त्री, कुणाची दारावरची घंटा. काका कुणाकडून काही घेत नसत. फक्त वस्तू परत करताना एक वाक्य हमखास म्हणत, "माझ्याआधी कुणी हात लावला होता याला?"

या एका वाक्यात काका पुरते सापडतात. चूक नेहमी त्यांच्याआधी हात लावणाऱ्याची असे. काकू चिडवायच्या, "या घरात न चुकणारे दोघंच. एक देव आणि एक तुम्ही." काका हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

नवा कॉम्प्युटर घरीच जोडायचं खूळही त्यातूनच आलं. जावई फोनवर म्हणाले, "बाबा, तयार मिळतो हो. कशाला नसता उपद्व्याप?" ते बिचारे काळजीने म्हणाले, पण काकांना लागलं. "एकतीस वर्षं माणसं चोविसाव्या मजल्यावर नेऊन सुखरूप खाली आणली. एक पेटी नाही जोडता येणार मला?" झालं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली गेली, तिच्यावर खोकी आणि स्क्रूच्या वाट्या मांडल्या गेल्या. काकूंनी चार दिवस ओट्याशी उभ्याने जेवण उरकलं. तक्रार केली नाही, कारण कॉम्प्युटर त्यांच्यासाठीच होता. लेक लांब राहते, तिला बाळ झालंय. ते बाळ फोनच्या एवढ्याशा काचेत न बघता मोठ्या पडद्यावर बघायला मिळावं, एवढीच त्यांची हौस.

जोडणी मात्र बघत राहावी अशी झाली. आत एकही वायर लोंबकळत नव्हती. चार चार बोटांवर पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकीवर काकांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. एकच केबल त्यांच्या मनासारखी वळेना. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारी पेटी. तिच्या खोक्यात डिस्कसाठी जी केबल आली होती ती जाड आणि ताठ होती, कोपऱ्यात वळवली की बाहेर फुगायची. काकांनी आपली ट्रंक उघडली. तिच्यात जुन्या कॉम्प्युटरची केबल होती, मऊ, चपटी, आणि तिच्यावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं, 'डिस्क. तपासली.' ती नव्या पॉवर सप्लायच्या खोबणीत धरली आणि दाबली. टक् झालं. बसली.

लिफ्टच्या धंद्यात चुकीचा प्लग चुकीच्या जागी बसतच नाही. कारखान्यातच तशी सोय करतात, कारण दोराला माणसांचे जीव टांगलेले असतात. टक् आवाज आला म्हणजे जागा बरोबर. एकतीस वर्षांत त्या आवाजाने काकांना एकदाही फसवलं नव्हतं.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर अक्षरं आली आणि शेवटच्या ओळीत आलं की डिस्क सापडत नाही. काकांनी डिस्कवर तळवा ठेवला. चालू डिस्क आत फिरते, हाताला बारीक थरथर लागते. ही दगडासारखी गप्प. थोडासा वास येत होता. "नव्या वस्तूचा वास," काका म्हणाले. मग माहिती नेणारी वायर बदलून झाली, मदरबोर्डवरची जागा बदलून झाली, सेटिंगचं पान तीनदा वाचून झालं. विजेच्या केबलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तिच्यावर 'तपासली' लिहिलेलं होतं ना.

ज्या दुकानातून सामान आणलं तिथे दुरुस्तीच्या टेबलावर एक बाई बसतात. वय पंचेचाळिशीचं, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं दिव्याचं भिंग, म्हणून गिऱ्हाइकांत त्यांचं नाव भिंगवाल्या बाई. त्यांनी पहिली डिस्क मुकाट बदलून दिली. दुसरी देण्याआधी आपल्या टेबलावर जोडून दाखवली. काकांनी हात ठेवून बघितलं, छान फिरत होती. ती पिशवीत घालता घालता बाईंनी विचारलं, "काका, पॉवरची केबल खोक्यातलीच लावलीत ना?"

पुढचं सगळं रामायण या एका प्रश्नापाशी सुरू झालं. काका "हो" म्हणाले. खोटं बोलायचं असं ठरवून नाही म्हणाले. पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, बाई वयाने लहान, आणि प्रश्न असा की एखाद्या जुन्याजाणत्या स्वयंपाकिणीला विचारावं, मीठ आणि साखर ओळखता ना? "हो हो," काका म्हणाले, "खोक्यातलीच." आणि पिशवी घेऊन घरी आले. जिना चढेपर्यंत ते विसरूनही गेले.

दुसरी डिस्कही गप्प. तोच वास. आता मात्र काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, भर दुकानात त्यांनी डिस्क टेबलावर ठेवली.

"दुकानात फिरते आणि घरी मरते. असं कसं होईल, बाई? दाखवलीत एक आणि पिशवीत घातलीत दुसरी."

बाई आधी गोंधळल्या. "काका, तुमच्या समोरच पिशवीत घातली ना."

"हातचलाखी समोरच करतात."

पाच-सहा गिऱ्हाइकं होती. एक जण खुदकन हसला. बाईंनी भिंग कपाळावर सरकवलं. मॅनेजर लगबगीने पुढे आला, काकांना खुर्ची दिली, आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारख्या माणसाने सांगितलं म्हणजे बघायलाच हवं. तेवढं लेखी द्या."

लेखी देणं हा तर काकांचा हातखंडा. सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले. तारीख, वेळ, वस्तू, दोष, सगळं आखून. शेवटची ओळ अशी, 'सदर कर्मचाऱ्याने डिस्क बदलली असल्याचा माझा ठाम संशय आहे.' ते त्यांनी काकूंना वाचून दाखवलं.

"ठाम कशाला?" काकू म्हणाल्या.

"संशय ठाम नसेल तर लिहायचा कशाला?"

काकू रोज संध्याकाळी माळ घेऊन बसतात तेव्हा आधी, आज कुणाचं वाईट चिंतलं असेन तर क्षमा कर, असं म्हणून घेतात. पण नवऱ्याच्या कागदातला तो शब्द त्यांनी सकाळी राहू दिला. चहा उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. काका पत्र देऊन आले, वाटेत जिन्यात शिंपीणबाईंना हातचलाखीचं ते वाक्य ऐकवून आले, त्या पोट धरून हसल्या, आणि त्या आनंदातच काका पंखा पुसायला चढले होते.

तर आता जुनी डिस्क. काकांनी ती पिशवीतून काढली, फुंकर मारली, त्याच मऊ केबलला जोडली. तिच्यात फारसं काही नव्हतं. फोटो लेकीने केव्हाच आपल्याकडे उतरवून घेतले होते. बटण दाबलं. पंखे फिरले. काकांनी सवयीने तळवा ठेवला.

थरथर नाही. आणि वास आला. तोच.

काका वाकलेले तसेच राहिले. ही डिस्क बारा वर्षांची. हिला नव्या वस्तूचा वास कुठून येणार?

त्यांनी भिंतीतला प्लग काढला. मल्टिमीटर आणला, म्हणजे वीज मोजायचं यंत्र. डिस्कची केबल मोकळी केली, पुन्हा वीज चालू केली आणि एकेका टोकाला काटे लावून बघितलं. जिथे पाच व्होल्ट यायला हवेत तिथे बारा आले. जिथे बारा यायला हवेत तिथे पाच. पुन्हा मोजलं. मग खोक्यातली ताठ केबल लावून मोजलं. पाचाला पाच, बाराला बारा. दोन्हींचे प्लग एकाच घडणीचे, एकाच खोबणीत बसणारे. पण कंपन्या वेगळ्या, म्हणून आतल्या तारांची मांडणी वेगळी. तीन डिस्क मेल्या होत्या, आणि तिन्ही काकांच्याच हातून, काकांनीच लेबल लावलेल्या केबलने.

त्यांची कानशिलं तापली. आधी आठवलं ते भलतंच. हातचलाखी समोरच करतात. काय ऐटीत म्हणालो. कुणी हसलं म्हणून आणखी ताठ झालो. मग बाईंनी भिंग वर सरकवलं तो हात आठवला. आणि त्याच्या मागोमाग "खोक्यातलीच लावलीत ना?" हा प्रश्न, आणि आपलं "हो हो." ते आठवल्यावर काका खुर्चीत बसले आणि उगाच टेबलावरचे स्क्रू वाटीत भरत राहिले.

काकू चहा घेऊन आल्या. "चालली का?"

"नाही."

"म्हणजे तीही खराब?"

"आता झाली." काकांनी केबल पुढे केली. "ही चुकीची होती. दोन्ही नव्या डिस्क मीच जाळल्या."

काकूंनी कप ठेवला. आधी त्यांना हायसंच वाटलं, कारण निदान उत्तर तरी सापडलं. "मग जाऊन सांगायचं. चूक झाली म्हणायचं. माणूस आहे, होते."

"फोन करतो मॅनेजरला."

"आरोप तोंडावर आणि माफी फोनवर?"

काकांची जुनी सवय जागी झाली. "तसं त्यांनीही बघायला हवं होतं. एक डिस्क जळून आली तर गिऱ्हाइकाला विचारावं, बाबा रे, केबल कुठली लावलीस."

"विचारलं नाही त्यांनी?"

काकांनी चहाचा कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"विचारलं होतं."

"मग?"

"खोक्यातलीच लावली म्हणालो मी."

काकूंच्या तोंडी नेहमी काहीतरी टोमणा तयार असतो. काका त्याची वाट बघत राहिले. तो आला असता तर बरं झालं असतं. काकू समोरच्या खुर्चीत बसल्या, पदराने टेबलावरचा चहाचा डाग पुसला, आणि म्हणाल्या, "मला पत्र वाचून दाखवलंत, त्यात हे कुठे होतं?"

काकांनी केबल, यंत्र आणि तिसरी डिस्क पिशवीत घातली आणि चपला चढवल्या. दुकान चालत पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी त्यांनी रस्ता ओलांडायला दोनदा दिवा हिरवा होऊन जाऊ दिला, तरी पंधरा मिनिटांतच पोचले.

दुरुस्तीचं टेबल रिकामं होतं. मॅनेजरने खुर्ची पुढे केली.

"माझीच चूक आहे," काका उभ्यानेच म्हणाले. "केबल चुकीची लावली होती. तुमच्या डिस्क चांगल्या होत्या."

मॅनेजरने इकडेतिकडे बघितलं. "अहो काका, एवढं काय मनाला लावून घेता? दोन डिस्कचं बघून घेऊ आम्ही. विषय मिटलाय."

"बाई कुठायत?"

"मागे गोदामात मोजणीला बसवलंय. टेबलासाठी दुसरा कुणीतरी बघतोय. तसंही त्यांचं काम जरा सावकाशच होतं."

तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपलं पत्र या माणसाला हवंच होतं. आखीव अक्षर, एकतीस वर्षांचा अनुभव, खाली सही. यापेक्षा सोयीचं हत्यार त्याला कुणी दिलं नसतं. "बोलवा त्यांना," काका म्हणाले. "इथे बोलवा."

बाई आल्या. हाताला खोक्यांची धूळ. कपाळावर भिंग नव्हतं, पट्ट्याची फिकट रेघ तेवढी होती. काकांनी केबल टेबलावर ठेवली आणि जे मोजलं ते सांगितलं. बाईंनी खणातून स्वतःचं यंत्र काढलं, एक पॉवर सप्लाय ओढला, केबल लावली आणि मोजलं.

"बारा," त्या म्हणाल्या. "जळणारच."

"तुम्ही मला विचारलं होतं."

"हो."

"मी हो म्हणालो."

"म्हणालात."

"ते खोटं होतं."

बाईंनी केबल गुंडाळली, नीट, जशी काका स्वतः गुंडाळतात तशी. "मला शंका आली होती काका. केबल आणून दाखवा, असं म्हणणार होते. मग म्हटलं, एवढे मोठे गृहस्थ, खोटं कशाला सांगतील."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर काकांना त्याखाली लपता आलं असतं. त्यांनी हात जोडले. "मी तुम्हाला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर. मला माफ करा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, पण कालचं एकही नव्हतं. काल ज्यांनी ऐकलं ते सगळे ते ऐकून आपापल्या घरी गेले होते, आणि आता त्यांना गाठून सांगायचं कुठे? काकांना हे तिथे उभं असतानाच कळलं.

"पत्र परत द्या," ते मॅनेजरला म्हणाले.

"ते दुपारीच मुख्य कचेरीत गेलं. उद्या साडेदहाला साहेब टपाल उघडतात."

"फोन करा त्यांना."

"लेखी तक्रार फोनवर मागे घेता येत नाही, काका. ज्याची सही आहे त्याने स्वतः जावं लागतं." काका काही जाणार नाहीत अशी त्याची खात्री होती, हे मॅनेजरच्या सुरावरूनच कळत होतं.

काकांनी काउंटरवरून एक कोरा कागद मागून घेतला. या वेळी आखणी केली नाही. अक्षर तिरकं गेलं. 'केबल मी घरातली लावली होती. बाईंनी विचारलं असता मी खोटं उत्तर दिलं. डिस्क त्यांनी बदलली नाही.' सही केली आणि कागद बाईंपुढे धरला. बाईंनी वाचला, एकदाच.

"ठीक आहे," म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत. "माझी मोजणी अर्धी राहिलीय." आणि त्या आत गेल्या. काकांनी बदलून मिळालेल्या डिस्कचे पैसे भरले आणि बाहेर पडले.

घरी परतताना जिन्यात शिंपीणबाईंचं दार उघडं होतं. "काय काका, पकडली का हातचलाखी?" त्यांनी मशीनवरूनच विचारलं. काका पायरीवर थांबले. वर जाऊन दार लावून घ्यावं असं फार वाटलं. "ती चूक माझी होती," ते म्हणाले. "बाईंची नाही. सकाळी मी सांगितलं ते कुणाला पुढे सांगू नका." शिंपीणबाईंचा पाय मशीनच्या पेडलवर थांबला. त्यांचं दोघींना आधीच सांगून झालं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. काकांनी त्या दोघी कोण ते विचारून घेतलं, आणि वर जाण्याआधी त्या दोन्ही दारांची घंटा वाजवली.

काकूंनी ताट वाढलं तेव्हा काका खाली मान घालून जेवले. "उद्या मी येऊ बरोबर?" काकूंनी विचारलं.

"नको. सही माझी एकट्याची आहे."

"मग 'ठाम' हा शब्द राहू दिला तो मी," काकू म्हणाल्या. "ते माझं." आणि त्या माळ घेऊन बसल्या.

मुख्य कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं. साडेदहाच्या आत पोचायचं तर साडेआठची बस धरायला हवी. काकांनी दुसरं पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. उद्या सकाळी तिथे जाऊन पहिलं पत्र परत घ्यायचं आहे.